पूर्णविरामावरचा आकडा

प्रियदर्शिनीने पान एकशे बारा पडद्यावर मोठे केले आणि ‘नाय’ या शब्दानंतरच्या पूर्णविरामावर चढलेली करडी वेलांटी पुसून टाकली. कसरीची वाट असावी. अशा वाटा, शाईचे शिंतोडे, माश्यांचे ठिपके तिने महिनाभरात शेकड्यांनी पुसले होते. पणजोबांचे पुस्तक, त्यांच्याच प्रतीच्या स्कॅनवरून, शंभर वर्षांनी पुन्हा निघणार होते. ते स्वच्छ निघावे, एवढेच तिला हवे होते.

पणजोबा रावसाहेब भगवंतराव इंग्रजी अमदानीत पालघर भागात मामलेदार होते. पुढे कायद्याचे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव झाले ते ‘डोंगरगावांच्या वहिवाटी’ या पुस्तकामुळे. गावोगाव बसून त्यांनी ते लिहिले आणि नंतर कित्येक वर्षे जमिनींच्या दाव्यांत त्याचे दाखले दिले गेले. एकशे बाराव्या पानावरचे वाक्य तर घरात सगळ्यांना पाठ होते : ‘डोंगरी कुळे जमिनीवर मालकी सांगत नाहीत. मासवणच्या चिंतूने माझ्यासमक्ष दिलेली जबानी पुरेशी आहे. जमीन आमची नाय.’

चुलतभाऊ दिग्विजयचा फोन आला.

“ताई, फाइल पाठव. उद्या संध्याकाळी छपाईला लागतंय. रविवारी प्रकाशन.”

“आत्ता पाठवते. मुखपृष्ठाचा फोटो उद्या. सकाळीच मासवणला जाते.”

“आणि सगळे डाग काढलेस ना? नाहीतर तुझा तो प्रयोगशाळेतला नियम लावशील.”

ती हसली. तारापूरच्या वीजप्रकल्पात पाणी तपासण्यात तिची सव्वीस वर्षे गेली होती. तिथल्या नोंदवहीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. टेबलावर रबर ठेवायलाही बंदी होती.

मासवणमध्ये चिंतूचे शेत विचारल्यावर लोकांनी नवसीचे घर दाखवले. साठीची नवसी अंगणात वरी पाखडत होती. शेजारी तिची सून बायडी झाडूच्या काड्या बांधत होती. घरामागे उताराचा एक तुकडा होता, पावसावर पिकणारा. तो नवसीच्या घरचे कसत होते, पण कागदावर तो दुसऱ्या कोणाचा होता.

“चिंतू म्हंजे माझ्या सासऱ्याचा आजा,” नवसी म्हणाली. “तुमच्या पुस्तकात हाय तो? फोटो हाय का तेचा?”

“फोटो नाही. त्यांचं बोलणं आहे.”

“बोलनं हाय नि थोबाड नाय,” नवसी बायडीकडे बघून म्हणाली. “तुझ्या नवऱ्याचं उलटं हाय.”

बायडीने तोंडावर पदर धरला. प्रियदर्शिनीने कॅमेरा काढला, उताराचे दोन फोटो घेतले. तेवढ्यात बांधापलीकडून एक काळी शेळी दुसऱ्याच्या वालात शिरली. नवसीने सूप न थांबवता सांगितले,

“बायडे, ती शेली आमची नाय.”

बायडी उठली, धावत गेली, शेळीला कानाला धरून घेऊन आली आणि खुंटीला बांधली.

“तुमची नाही, तर बांधली कशाला?” प्रियदर्शिनीने विचारले.

“आमचीच हाय.”

“तुम्ही तर म्हणालात, आमची नाय.”

“मंग? इचारलं तिला. आमची नाय?”

दोन्ही वेळा आवाज सारखाच होता. शेवटी कुठे चढला नव्हता. प्रियदर्शिनीच्या हातातला कॅमेरा खाली आला. तिने विचारले,

“नवसीबाई, ‘जमीन आमची नाय’ असं कोणी म्हणालं, तर?”

“कोन म्हनालं?”

“चिंतू. साहेबांसमोर.”

नवसीने सूप मांडीवर ठेवले. उताराकडे पाहिले.

“मंग इचारलंच आसल तेनं,” ती म्हणाली. “सायबानं काय सांगितलं?”

प्रियदर्शिनीने कॅमेऱ्याच्या भिंगाला झाकण लावले.

घरी आल्यावर तिने चपला न काढताच कपाट उघडले. पणजोबांची स्वतःची प्रत, पहिली आवृत्ती. पान एकशे बारा. खिडकीपाशी नेऊन तिने भिंग धरले. कसरीने कागद खाल्ला असता तर कडा खरखरीत असती. इथे कागद शाबूत होता. करडी रेघ शिसपेन्सिलीची होती, छापील पूर्णविरामाच्या बरोबर वर, वळण घेऊन खाली आलेली. पूर्णविराम तिचे टिंब झाला होता, आणि दोन्ही मिळून प्रश्नचिन्ह.

तिने दुसरी आवृत्ती काढली. आठ वर्षांनंतरची, प्रस्तावनेत ‘सुधारून वाढवलेली’. पान उलटले. जमीन आमची नाय. पूर्णविराम.

पुस्तक मिटून ती ते हातात घेऊन उभी राहिली. भिंतीवर रावसाहेबांची तसबीर होती. तिकडे तिने पाहिले नाही.

“दिग्विजय, छपाई थांबव. एकशे बारावं पान बदलायचंय.”

“काय राहिलं?”

“मी जास्त पुसलं.” तिने त्याला शेळीपासून सगळे सांगितले.

तो म्हणाला, “ताई, एवढासा आकडा. कोणाला दिसणारे?”

“दिसेल एवढा छापायचा.”

“म्हणजे त्यांना कळलं होतं, आणि तरी...” त्याने वाक्य सोडून दिले. “रविवारी मी लोकांना काय सांगू?”

“तू नको सांगूस. मी सांगते. आणि नवसीबाईंना बोलवायचंय.”

“त्या येतील?”

“माहीत नाही. त्यांनी मला एक विचारलंय, ते मला अजून सांगता आलेलं नाही.”

फोन ठेवून तिने पहिली आवृत्ती पुन्हा उघडली. पेन्सिलीच्या आकड्याशेजारी ना सही होती, ना तारीख. तिने पेन घेतले. ‘मालकी सांगत नाहीत’ या छापील वाक्यावर एकच रेघ ओढली, समासात आजची तारीख घातली. प्रयोगशाळेत ती सहीला नेहमी फक्त दोन आद्याक्षरे लिहीत असे. इथे तिने नाव लिहिले, आणि पुढे पणजोबांचे आणि तिचे एकच असलेले आडनाव, पूर्ण.