नाताळ जानेवारीत संपतो

चेन्नईजवळच्या आवडी गावी रणगाडा कारखान्यात उभी हयात काढलेल्या दिनकररावांना एका गोष्टीची लाज वाटे : आपली इंजिनिअर लेक नक्की काय काम करते, हे चारचौघांत सांगायची. "कॉम्प्युटरमध्ये आहे," एवढं म्हणून ते विषय बदलत. अमेरिकेतल्या दुकानांत व्हिडिओ गेम किती खपले, याचे आकडे सिरुसेरीच्या ऑफिसात बसून वाचायचे, हे काय काम झालं? रणगाडा निदान डोळ्यांना दिसतो तरी.

त्या दिवशी पोंगलची, म्हणजे यांच्या संक्रांतीची सुट्टी होती. अमेरिकेला संक्रांत नसल्यामुळे लेकीला, निधीला, संध्याकाळचा कॉन्फरन्स कॉल घरूनच घ्यावा लागणार होता. तिच्या आईने, हेमलताबाईंनी, तिळगुळाची परात सरकवून टेबलावर लॅपटॉपला जागा करून दिली.

"अप्पा, आज मी विजयकुमार सरांच्या विरुद्ध बोलणार आहे," निधी म्हणाली.

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, या एका नियमावर दिनकररावांची नोकरी सुखरूप पार पडली होती.

भानगड अशी होती. नाताळात गेम खेळायची यंत्रं, म्हणजे कन्सोल, धडाधड खपली. गेम मात्र गेल्या वर्षीपेक्षा कमी गेले. सरांचा निष्कर्ष : लोकांचा गेमवरचा जीव उडालाय, दुकानांनी पुढच्या ऑर्डरी निम्म्या कराव्यात.

"मग बरोबर आहे की. आकडे काय खोटं बोलतात?"

"अप्पा, भाऊबीजेला तन्मयने मला ओवाळणीत पाकीट घातलं. त्या पैशांचे बूट मी कधी घेतले?"

"आत्ता, डिसेंबर सरता सरता."

"मग दुकानदाराला दिवाळीच्या विक्रीत ते दिसले का? तिकडे तसंच होतं. काकूला काय ठाऊक, पोराला कुठला गेम हवा? ती दुकानाचं गिफ्ट कार्ड देते, यंदा तर अशी कार्डं फारच खपली. नाताळ झाला की पोरगं ते घेऊन जातं आणि गेम आणतं. कार्ड विकलं तेव्हा विक्री धरत नाहीत, गेम नेला की धरतात. आणि सरांनी आकडे डिसेंबरलाच तोडलेत."

दिनकररावांना सगळं लख्ख कळलं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटली. "अगं, नोकरी अजून कायम व्हायचीये तुझी. सरांना एकट्यात सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, एवढी खात्री आहे तर तूच मांड, पण चुकलीस तर मी सावरणार नाही."

कॉल लागला. स्पीकरवर आधी विजयकुमार बोलले, मग निधी. घरात तमिळ-मराठीची खिचडी बोलणारी ही पोरगी इंग्रजीत इतकं ठाम बोलते, हे दिनकरराव पहिल्यांदाच ऐकत होते. तुमचा नाताळ जानेवारीत संपतो, असंही तिने सांगून टाकलं.

"पुरावा?" पलीकडून दुकानांच्या मुख्य बाईंनी विचारलं.

निधीने जानेवारीच्या पंधरवड्याचे ताजे आकडे सांगितले. परत आलेल्या बहुतेक कार्डांवर गेमच गेले होते, आणि ती विक्री मिळवली की गेम गेल्या वर्षीच्या याच काळाच्या पुढे निघत होते. बाईंनी ते आपल्या माणसांकडून ताडून घेतलं. मग त्या म्हणाल्या, ऑर्डरी कमी करायच्या नाहीत. आणि आकड्यांचं हे वाचन कुणाचं?

"निधीचं," विजयकुमार म्हणाले. "मी चुकलो होतो."

दिनकररावांचा ऊर भरून आला. आपल्या हातचा पहिला रणगाडा फाटकाबाहेर पडला, तेव्हाही त्यांना एवढा अभिमान वाटला नव्हता. त्यांनी मुकाट्याने वाटीत तिळगूळ घेतला आणि चपला घालून समोरच्या मानाजीरावांचं दार ठोठावलं.

"या, या. निधी आलीये वाटतं सुट्टीला? कॉम्प्युटरमध्येच आहे ना?"

"कॉम्प्युटर काय, हल्ली सगळ्यांकडेच असतो," दिनकरराव म्हणाले आणि कुणी बसा म्हणायच्या आत खुर्ची ओढून ऐसपैस बसले. "मानाजीराव, यंदा भाऊबीजेला बहिणीच्या ताटात काय घातलंत, ते आधी सांगा."