रविवारपर्यंत

दुर्गदबैल पेठेतल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेल्या त्या दवाखान्यात म्हाताऱ्यांना तिसऱ्या मजल्यावर टाकत. टाकतच. लिफ्ट निम्मं वर्ष बंद. विश्वस्त कुसुमअक्कांची सासू पाय मोडून तिथंच पडली, पाठ सडली आणि गेली. तेव्हापासून अक्का प्रत्येक बैठकीत एकच घोकत होत्या: खालचा हॉल म्हाताऱ्यांना द्या. बुटक्या खाटा, भिंतीला धरायला दांडे, हात धरून चालवणारा एक माणूस. हॉल त्यांच्या यजमानांनीच बांधून दिलेला. अक्कांच्या सहीशिवाय तिथली खुर्ची हलवायची नाही, अशी अटच होती.

अध्यक्ष गोविंदशेठ कापडवाले दर वेळी हसायचे. "विरलेल्या कापडाला रफू किती करायचं अक्का? होगली बिडि, सोडून द्या."

आज मात्र शेठनी स्वतःच विषय काढला. "हॉल म्हाताऱ्यांना देऊया."

अक्कांचे डोळे भरून आले. मग डॉक्टर प्रभंजननी नकाशा उलगडला. दांडे नव्हते. ओळीनं खाटा, आणि प्रत्येक उशाशी व्हेंटिलेटर.

"ह्यात चालायचं कुठं?"

"चालून जायचंय कुठं त्यांना?" शेठ म्हणाले. "लोकांच्या घरात लग्न असतं, मुंज असते. मधेच सुतक आलं की सगळं बोंबललं. सोय पाहिजे की लोकांना!"

सोय! अक्कांच्या डोक्यात आता उजेड पडला. शेठचे वडील, अप्पा, आठवडाभर वर होते. श्वास मंदावला तेव्हा म्हातारा हात जोडून म्हणाला होता, घरी न्या. डॉक्टरही म्हणाले, न्या. पण रोहितच्या, म्हणजे शेठच्या मुलाच्या, अक्षता रविवारी उणकलला पडायच्या होत्या. शेठनी घशात नळी घालायला लावली. अप्पा ती ओढायला लागले, तर दोन्ही हात बँडेजनं खाटेला बांधले. आज सकाळीच अक्कांनी त्यातला एक सोडवला होता. अप्पांनी थेट नळीवर झडप घातली. आणि घाबरून अक्कांनीच तो हात परत बांधला. घट्ट.

"सही करा." शेठनी कागद पुढं सरकवला. "सासूबाईंचं नाव देऊ. गोदावरी कक्ष."

"गोविंद, सोमवारी अप्पांचं काय करणार?"

डॉक्टर नकाशाची घडी घालू लागले.

"सोमवारी नळी काढायची," शेठ पुटपुटले. "त्यांनाही त्रासच आहे की."

"आज नाही त्रास?"

"अक्का, सही नाही तर म्हातारे वरच सडतील. मी असेपर्यंत हा विषय पुन्हा निघायचा नाही."

ते खरं होतं. शेठ शब्दाचा पक्का माणूस, असल्या बाबतीत तर फारच. अक्कांनी कागद परत सरकवला.

"माझ्या सासूचं नाव कोंडवाड्याला मिळणार नाही."

बाहेर जिन्यात अळणावरकडचा एक माणूस आईला पाठुंगळीला घेऊन चढत होता. घामाघूम. "अक्का, म्हाताऱ्यांचा वॉर्ड कुठंय हो?"

मागं हॉलला कुलूप होतं.

"वर. अजून बरंच वर." अक्कांनी म्हातारीचे लोंबणारे पाय हातांवर घेतले आणि चढू लागल्या. तिला खाटेवर ठेवलं, पांघरूण घातलं. पलीकडच्या खाटेवरून अप्पा बघत होते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या मान वर न करता खाली उतरल्या.