सोळाव्या मजल्यावरचा रिव्हेट

मी रिव्हेट बोलतोय. शिकागोतल्या एका अठरा मजली इमारतीत, सोळाव्या मजल्याच्या भिंतीआड, दोन पोलादी तुळया मी घट्ट धरून ठेवल्या आहेत. मी तुम्हाला दिसणार नाही, पण ऐकून घ्या.

माझा जन्मच माराने झाला. लालभडक सळई कापली, साच्यात घातली आणि वरून घण घालून मला डोकं दिलं. दुसरं डोकं जागेवर बसताना मिळणार होतं, तेही मारानेच.

पूर्वी इमारतीचं ओझं भिंती वाहायच्या. जितकी उंच इमारत, तितकी तळाची भिंत जाड. शेवटी दुकानाची खिडकी म्हणजे बोगदाच व्हायची. मग पोलादी सांगाडा आला आणि ओझं त्याने घेतलं. भिंती नुसत्या अंगावरच्या कपड्यांसारख्या उरल्या. लिफ्टमुळे वरचे मजले महाग झाले आणि शहर वर धावत सुटलं. तो सांगाडा जोडतो आम्ही. आम्हाला तापवून भोकात घालायचं, पलीकडे निघालेलं शेपूट ठेचायचं. थंड होताना आम्ही आकसतो आणि पोलाद आवळून धरतो.

कॉर्मॅक भट्टीवर असायचा. चिमट्याने पेटता रिव्हेट उचलून तो तीस फूट लांब फेकायचा. अरुंद तुळईवर उभा असलेला सीवर्ट तो पत्र्याच्या डब्यात झेलायचा. वेन्झेल दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हातोड्याने ठोकायचा.

त्या सकाळी सीवर्टने मुकादम प्रुइटला अडवलं. "फळ्या कधी टाकणार? दोन मजले खाली फळ्यांची जमीन पाहिजे. इथे नऊ मजले नुसती हवा आहे."

"हवा फुकट आहे, लेका. फळ्या टाकत बसलो तर बर्फ पडेपर्यंत छप्पर होईल का?"

"मग तूच चालून दाखव की या तुळईवर!" कॉर्मॅक भट्टीवरून ओरडला.

"तोंड बंद कर आणि रिव्हेट फेक! हात आहेत की लोणी?"

कॉर्मॅकने रागाच्या भरात मला फेकलं. त्याच क्षणी शहरालगतच्या मोठ्या तळ्याकडून वारा आला. मी वाकडा गेलो. खाली रस्ता माणसांनी भरलेला होता. सीवर्ट मला सोडून देऊ शकला असता. त्याने सोडलं नाही, अंग झोकून डबा पुढे केला. मी काठावर आपटलो, उडालो आणि त्याच्या मानेला चिकटलो. मांस जळाल्याचा आवाज मी ऐकलाय. त्याने मान झटकली, मी तुळईवर पडलो आणि त्याचा पाय निसटला.

मी वर राहिलो.

आमच्या कामावरचा रिवाज असा, की माणूस मेला की सगळ्यांनी खाली उतरायचं. त्या दिवशी पुढचा रिव्हेट ठोकायचा नाही. प्रुइटला तो पक्का ठाऊक होता. "श्वास चालू आहे त्याचा!" खाली पोचताच तो ओरडला. "जिवंत माणसासाठी काम थांबत नाही!"

मी निवल्यावर कॉर्मॅकने मला उचललं आणि तो शिड्या उतरला. सीवर्ट गाडीवर होता, तोंडावर ताडपत्री. कॉर्मॅकने ती ओढली, प्रुइटची मान धरली आणि त्याचा कान त्या फुटलेल्या छातीवर दाबला.

"ऐक. चालू आहे ना श्वास? नीट ऐक!"

प्रुइटने हातातला पाना फिरवला. कॉर्मॅकचे दोन दात पडले. मग कॉर्मॅकची मूठ उठली, आणि मुठीत मी होतो. प्रुइटच्या गालाचं हाड मी मोडलं. मला अजूनही त्याचं वाईट वाटत नाही.

"एक दिवस सीवर्टसाठी," कॉर्मॅक रक्त थुंकत म्हणाला. "त्यानंतरचे दिवस फळ्यांसाठी. फळ्या आल्या की वर."

तिसऱ्या दिवशी कंपनीने बाहेरची माणसं आणली. फाटकाशी लोखंडी नळ्या चालल्या, डोकी फुटली. नव्यांपैकी सहाजण कसेबसे वर चढले, त्या तुळईवरून खाली बघितलं आणि गुपचूप उतरले. पाचव्या दिवशी फळ्यांच्या गाड्या आल्या.

कॉर्मॅकने मला पुन्हा तापवलं. झेलायला आलेल्या नव्या माणसाने डबा पुढे केला. "हा फेकायचा नाही," कॉर्मॅक म्हणाला आणि चिमट्यात धरून, तुळईवरून एकेक पाऊल टाकत, मला भोकापर्यंत घेऊन आला. वेन्झेलने हातोडा लावला. एकेक घाव मी आपला म्हणून घेतला.

तीन आठवड्यांनी वेन्झेल घसरला. दोन मजले खाली, फळ्यांवर, धाडकन. सगळे काठाशी वाकले. मग खालून शिव्या सुरू झाल्या. कॉर्मॅकच्या आईला, प्रुइटच्या आईला, फळ्या आणणाऱ्या घोड्यांनासुद्धा!

"पाय मोडलाय, बघताय काय भडव्यांनो? दारू आणा!"

वरची माणसं हसत होती आणि डोळे पुसत होती. जिवंत माणसाच्या शिव्या!

आता आजूबाजूला माझ्याहून कितीतरी उंच इमारती झाल्या आहेत. तुमच्या शहरातही होत असतील. अर्धवट सांगाडा दिसला की तोंडाचा आ करून टोकाकडे बघू नका. आधी वरच्या माणसांच्या पायांखाली बघा. तिथे काही नसेल, तर पुढे जाऊ नका. ओरडा. काम बंद पाडा.