गल्लीची साक्ष

आरोपीच्या जागी बसलेल्या अय्हमच्या डाव्या बाहीचं बटण सुटत आलं होतं, एका दोऱ्यावर लोंबत होतं, आणि नुहादला वाटलं, उठून ते जरा पीळ देऊन बसवावं — त्याची आई, नुहादच्या गल्लीतली उम्म अय्हम, इथे असती तर भर कोर्टात सुई काढून बसली असती. कोर्ट जर्मनीतलं, मेलेली माणसं सीरियातल्या होम्स शहराची. सकाळी सगळं सांगून झालं होतं: युद्धात तपासणी नाक्यावर बंदूक घेऊन अय्हमच उभा होता, माझ्या भावाला, गियाथला, त्यानेच गाडीतून उतरवलं, आणि मला म्हणाला, "खाला, तू घरी जा." खाला, म्हणजे मावशी! इतक्या अदबीने… गियाथ परत आला नाही.

आता अय्हमचं म्हणणं, मी होम्सचा नाहीच, नुहाद सांगते ती गल्ली मी पाहिलेलीसुद्धा नाही.

मधल्या सुट्टीत गियाथच्या बायकोने, फिर्यालने, कॉफी पुढे केली. "आज बुधवार. सगळे म्हणतात तो, तुम्हा होम्सवाल्यांचा वेडेपणाचा वार. नीट बोल गं बाई."

"मटणात चेरी घालणाऱ्या तुम्हा अलेप्पोवाल्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये."

फिर्याल हसली, मग हसू आवरून म्हणाली, "त्या अय्हमच्या आईचं कौतुक नको तिथे. माझा नवरा येणार नाही, पण निदान हा सुटायला नको."

पण आईला वगळून ती गल्ली सांगायची कशी? सुट्टीनंतर न्यायाधीशबाईंनी विचारलं, तो तिथलाच कशावरून, आणि नुहाद सांगत सुटली — तुतीखाली पसरलेली चादर, फांदीवर हा, ओठ जांभळे. उम्म अय्हमकडून आलेली ताटली रिकामी परत करायची नाही, घरात काही नसलं तर आमची आई तीत पुदिन्याची काडी ठेवायची… दुभाषा सावकाश सगळ्याचं जर्मन करत होता. तिथे आता नुसता राडारोडा. फिर्यालचा संसार अलेप्पोतला, तिने तर ती गल्ली कधी पाहिलीच नाही. आणि आठवण जितकी गोड, तितका हा अडकत चाललेला.

तुती गल्लीतल्याच अबू रियाझच्या अंगणातली, ती म्हणाली. अय्हमने मान हलवली — अगदी पुसट — नाही. खरंच की! अंगण शेजारच्या विधवेचं…

कुणी पाहिलं नसावं. गल्ली न पाहिलेल्याने आपली चूक दुरुस्त केली, हे सांगायला हवं, आत्ताच. फिर्यालची नजर पाठीला टोचत होती.

"पुढे?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

नुहादच्या लक्षात आलं, आपण केव्हापासून त्याच्याकडेच बघून बोलतोय, आणि आता गप्प बसलोय ते पुढचं त्याने सांगावं म्हणून — त्या विधवेचं नाव काय होतं रे, ती तुम्हा पोरांना शिव्या द्यायची ती… या अख्ख्या देशात विचारायला दुसरं होतं कोण?