दोन कड्यांचा समन्वय

सरकारी दवाखाना आणि पेन्शन कचेरी यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता, दोन्ही टोकांना भिंतींनी बंद. दवाखान्यातून दाखला घेतला की शिक्क्यासाठी म्हाताऱ्यांना अख्खा रस्ता फिरून पलीकडे जावं लागे. वरून हुकूम आला की दोन्ही खात्यांनी हातात हात घालून काम करावं. त्यासाठी एक समन्वय अधिकारी बाई नेमल्या गेल्या. बाई उत्साही. समोरासमोर दोन दारं पाडली की झालं काम, असं त्यांना वाटलं.

बैठकांवर बैठका झाल्या. दवाखान्याचे मोठे डॉक्टर म्हणाले, "कडी आमच्या बाजूनं हवी. कुणीही उठून आत येईल!"

पेन्शनच्या मॅडमनी नाक मुरडलं. "मग आम्हालाही कडी हवी. आम्ही काय रस्त्यावर पडलोय?"

बाईंनी दोघांचंही मन राखलं आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

उद्घाटनाला दोघांनी आपापल्या दारातली फीत कापली. बाई मधे बोळात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. फोटो झाले, आणि दोन्हीकडून दारं लागली, कड्या पडल्या.

बाईंनी हाका मारल्या, दारं बडवली. शेवटी डॉक्टरांना फोन लावला.

"तुम्ही आमच्या दारानं आत गेलात की त्यांच्या?"

"त्यानं काय फरक पडतो, साहेब?"

"वा! तुम्हाला काही झालं तर उत्तर कोण देणार?"

मग मॅडमना फोन लावला. त्या मात्र गोड बोलल्या. "अहो, आत्ता उघडलं असतं. पण आधी आम्ही कडी काढली, तर गरज आम्हालाच आहे असं त्यांना वाटेल ना!"

बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं. त्यांनी नवऱ्याला बोलावलं. तो तडक दवाखान्यात शिरला आणि कडीला हात घातला.

कारकून धावला. "अहो, परवानगी?"

"बायको माझी आहे," तो म्हणाला, आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कचेऱ्यांनी वर कळवलं : नव्या मार्गाची पहिली लाभार्थी सुखरूप बाहेर. वरिष्ठ खूश झाले. डॉक्टर आणि मॅडमचा सत्कार ठरला, आणि बाईंना निरोप आला, "हा अनुभव बाकीच्या खात्यांनाही सांगाल का?"

"सांगते ना," बाई म्हणाल्या. "पण उघड्या मैदानात."