गौरम्माची जोडी

या मायबापहो, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढं सरकावं, म्हाताऱ्याचा आवाज आता पूर्वीसारखा लांब जात नाही. महादेवाच्या पायाशी बसलो आहोत, तर आज त्याच्याच एका लेकीची गोष्ट सांगतो. तुमच्यातलं कुणी कुणाची वाट पाहत असेल, तर त्यानं मन लावून ऐकावं.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. तिकडं शहरात कचेऱ्यांना रंग लागत होता, आणि इकडं रेणापूरच्या खालच्या अंगाच्या गावात विहिरींचे तळ उघडे पडले होते. त्या गावात गौरम्मा आपल्या सासूसोबत, रत्नम्मासोबत राहायची. नवरा विरूपाक्ष शिवकीर्तनात मृदंग वाजवायचा. जमीन नावापुरती, पोट चालायचं ते गावोगावच्या सप्ताहांवर. बिदागी मिळायची, शिधा मिळायचा. पण ज्या गावाला प्यायला पाणी नाही ते सप्ताह कुठून घालणार? ज्येष्ठात विरूपाक्षानं मृदंग खुंटीला अडकवला आणि तो नांदेडच्या पल्याड, इस्लापूरकडं, जंगलातल्या लाकूडतोडीला गेला. "दसऱ्याला येतो," म्हणाला. दसरा झाला, दिवाळी झाली, शिवरात्रही झाली. ना माणूस, ना निरोप.

गौरम्माच्या मनात भलतीच शंका घर करून होती. तो निघाला तेव्हा गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. आता लातुरात आलं. परक्या मुलखात त्यानं जुनाच जिल्हा सांगितला आणि कुणी भलतीकडची गाडी दाखवली तर?

"अगं येडे," रत्नम्मा म्हणायची, "गाव काय उठून चाललं का? ओढा तिथंच हाय, देऊळ तिथंच हाय."

"ते कळतंय अत्याबाई."

"मग?"

कळूनही गौरम्माचा जीव थाऱ्यावर येत नव्हता.

फाल्गुनात ओढ्यावर रोजगार हमीचं काम निघालं, पाझर तलावाचं. मागेल त्याला काम, असं सरकार म्हणत होतं. पण मजुरी खंदलेल्या मातीच्या मापावर होती, आणि टोळीची रीत अशी की गड्यानं खंदायचं, बाईनं पाटी वाहायची. नवरा-बायको, नाहीतर बहीण-भाऊ, जोडी पाहिजेच. मजुरी सगळ्या टोळीची मिळून निघायची, म्हणून एकट्या बाईला कुणी आत घेईना.

"वैनी, तुला खंदणारा कोण हाय?" मुकादम शेषेराव म्हणाला. "तुझी पाटी काय मी भरू?"

"भरा की मामा," कामावरची विठाबाई मागून बोलली, "तेवढंच पोट उतरंल तुमचं."

बाया हसल्या, शेषेरावही हसला. पण गौरम्माला त्यानं आत घेतलं नाही. विठाबाईचा नवरा दगडोबा भला माणूस. त्यानं मुकादमाला गळ घालून गौरम्माला आपल्या जोडीत घेतलं अन् दोघींपुरतं खंदून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याची कंबरच धरली. तेव्हा गौरम्मा आपणहून बाजूला झाली. घरी कण्यांचं मडकं खरवडायची वेळ आली होती. रत्नम्मा "मला आज भूक न्हाई" म्हणू लागली, आणि त्या वयाच्या बाईची भूक रोज कशी मरते हे गौरम्माला समजत नव्हतं असं नाही.

अशात एक दिवस दवंडी झाली. दुष्काळ वाढला म्हणून नियम सैल केला होता. विधवा आणि नवऱ्यानं टाकलेल्या बायांची टोळी वेगळी होणार; त्यांनी बांध चोपायचा, दगड वेचायचे, पाणी पाजायचं. जोडीची गरज नाही. फक्त बाईनं चावडीवर पंचांसमोर येऊन स्वतःच्या तोंडानं आपली हकीकत सांगायची.

आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. गौरम्मानं लग्नातला उखाणा सोडला तर नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. सप्ताहात बाया महादेवाची नावं एका सुरात म्हणायच्या. त्यांत विरूपाक्ष हे नाव आलं की गौरम्मा ओठ घट्ट मिटायची आणि पुढच्या नावाला पुन्हा सुरात शिरायची. मृदंगावर बसलेला तो गालात हसायचा, अन् ही पदर पुढं ओढायची. एवढाच त्यांचा चारचौघांतला संसार होता, पण गोड होता.

चावडीवर लातुरातून नायब तहसीलदार आले होते. शेजारी ग्रामसेवक व्यंकटी आणि पंच म्हणून म्हातारे महादेवप्पा. आधी विधवा बाया झाल्या. मग गौरम्मा पुढं आली.

"नवऱ्याचं नाव?" व्यंकटीनं विचारलं.

गौरम्मा खाली बघत राहिली.

"विरूपाक्ष मलप्पा, लिवा," विठाबाई म्हणाली.

"तू गप, विठाबाई. हिनंच सांगायचं हाय. नवऱ्यानं टाकलं, नांदवत न्हाई, एवढं बोल माय, अन् उद्या कामाला ये."

"टाकलं न्हाई," गौरम्मा म्हणाली. "कामाला गेलेत."

"कधी यायचेत?"

"येतील."

"मग तू ह्या नियमात बसत न्हाईस. नवरा आल्यावर जोडीनं ये."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात भिंतीला धरून रत्नम्मा उठली. ती पुढं आली आणि नायब साहेबांकडं बघून म्हणाली, "माझ्या लेकानं टाकलं हिला. मी आई हाय त्याची, मी सांगून राहिले. लिवा."

रोज दिवस कलला की ही बाई वेशीपर्यंत जाऊन लेकाची वाट बघते, हे गावातल्या पोराटोरांना ठाऊक होतं.

"अत्याबाई, असं कामून म्हणता?"

"तुझ्या पोटात दोन घास जावे म्हणून. तो आला तर त्याचे पाय धरीन मी. तू बोल, गौरे."

"आजी, तुमचं सांगणं चालणार नाही," नायब साहेब हळू आवाजात म्हणाले. "सुनेनंच सांगायला हवं."

गौरम्मानं सासूकडं पाहिलं. आपल्या पोरावर खोटा आळ घेऊन ती माऊली उभी होती, आणि तो आळही वाया चालला होता. गौरम्माला वाटलं, हिनं एवढं केलं, आता आपण गप्प राहिलो तर घरी जाऊन हिच्या ताटात वाढायचं काय? आणि बोललो तर, तो जिथं असेल तिथं त्याच्या पायाखालची वाटच तोडल्यासारखं होणार. देवळातल्या महादेवाला तिनं मनात हात जोडले.

"विरूपाक्ष," ती म्हणाली.

सगळ्यांनी माना वर केल्या. स्वतःच्या आवाजात ते नाव ऐकून तिलाच कसंतरी झालं. इतक्या वर्षांचं आत दाबलेलं बाहेर आलं, अन् बाहेर येताच तो किती दिवस घरात नाही हे पहिल्यांदा नीट उमगलं.

"विरूपाक्ष माझ्याजवळ न्हाईत."

"टाकलं म्हण की," व्यंकटी लेखणी धरून बसला होता.

"ते म्हणणार न्हाई. जवळ न्हाईत, एवढंच खरं हाय. एवढ्यावर काम द्यायचं तर द्या."

महादेवप्पा खाकरले. "साहेब, टाकलेलीची भूक वेगळी अन् वाट बघणारीची वेगळी असती का?"

साहेब काही बोलायच्या आत मागून धोंडाबाई उठली. तिचा नवरा हैदराबादेला गेलेला; गावात मात्र ती "गेल्या आठवड्यात येऊन गेले" असं सांगत फिरायची. "आमचेबी जवळ न्हाईत," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. तिच्यामागं आणखी बाया उठल्या. गावाला वाटत होतं त्याहून कितीतरी घरं रिकामी होती.

नायब साहेबांनी उभ्या राहिलेल्या बाया मोजल्या. मग म्हणाले, "व्यंकटराव, घरी कमावता पुरुष नाही, असं लिहा. सगळ्यांचं तसंच लिहा. वर मी सांगतो. जिल्हा नवा आहे, ऐकतील."

आणि ऐकलं, मायबाप. चैत्र सरायच्या आत वरून हुकूम आला की बाई एकटी असली की पुरे, का एकटी हे विचारायचं नाही.

गौरम्मा बांध चोपू लागली. घरात भाकरी होऊ लागली. पण रत्नम्मानं वेशीकडं जाणं सोडलं. एकदा संध्याकाळी तिचे पाय चेपताना गौरम्मानं कारण विचारलं.

"ज्या तोंडानं त्याला टाकणारा म्हणलं, त्या तोंडानं त्याची वाट कशी बघू गं?"

"तुम्ही बोलल्या म्हणून मला खरं बोलता आलं."

म्हातारीनं लेकरासारखं विचारलं, "येईल का गं तो?"

"विरूपाक्ष येतील," गौरम्मा म्हणाली. आता तिला त्या नावाची लाज उरली नव्हती. लाजेच्या जागी नुसती ओढ होती.

आषाढात रत्नम्मा गेली. लेक तोवर आला नव्हता. पुढं आला की नाही, ते गौरम्मा आणि तिचा महादेव जाणे. मी ऐकलं तेव्हा ती वाट पाहत होती.

तेव्हा मायबापहो, आता घरी जाल, दिवा लावाल, देवाचं नाव घ्याल. त्या नावामागोमाग एकदा रत्नम्माला आठवा. तिच्या मागं तिचं नाव घेणारं फार कुणी उरलं नाही.