गाडी चढली तर

भंगारवाल्यानं चाकावर लाथ मारली आणि थोरलीचं डोकं फिरलं.

"पाय आवर! गाडी अजून आमची आहे."

"आजच्यापुरती, वहिनी," धाकटा दीर हसला. "ठरलंय आपलं. कोबी घेऊन गाडी हा चढ चढली तर मी भंगाराचं नाव काढणार नाही. नाही चढली तर हा घेऊन जाणार. बसली ना आजही निम्म्यातच रुसून?"

बसली होती खरी. मागं कोबी गच्च, चाकांखाली धोंडे, वर भाजून काढणारं ऊन. नवऱ्याची नजर अधू झाल्यापासून हे स्टिअरिंग थोरलीच्या हाती आलेलं. सासू रोज शेजारी बसायची. आधी पहारा म्हणून, मग हौस म्हणून. गाडी गेली तर थोरलीनं पुन्हा लोकांच्या बांधावर खुरपं घेऊन वाकायचं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. पण वाकायला तिची पाठ आता तयार नव्हती.

मिस्त्रीबुवा बॉनेटमधून डोकं काढून म्हणाले, "पंप गेला. नाहीतर नोझल. म्हातारी झाली हो गाडी."

"म्हातारी मी पण झालेय!" केबिनमधून सासू धाकट्या लेकावर कडाडली. "मलाही देतोस का भंगारात?"

"आत्याबाई, तुम्ही सावलीत बसा," थोरली म्हणाली. "बुवा, पाना द्या. नुसत्या अंदाजावर गाडी मरू देणार नाही मी."

इंजिन सुरू केलं. चालू होतं, पण ठसकत. आता बघा, इंजिन म्हणजे चार गळ्यांनी एका सुरात गायचं. एकाचा गळा बसला की सगळ्यांचा ठेका चुकतो. थोरलीनं पहिल्या गळ्यात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या नळीचा नट सैल केला. डिझेल उडालं, इंजिन लगेच लंगडलं. म्हणजे पहिला कामाचा. नट आवळला, दुसरा सोडला, इंजिन पुन्हा लंगडलं. तिसऱ्याला तसंच, चौथ्याला तसंच.

"चौघंही राबतायत, बुवा. एक जरी बसून खात असता, तर त्याला सोडल्यावर काही फरकच पडला नसता." आणि दिराकडं न बघता पुढं म्हणाली, "घरातलं ओळखायलाही हीच रीत."

मिस्त्रीबुवांनी हसू मिशीत दाबलं.

"मग झटके का देतेय?" दीर खेकसला.

"पोटाला मिळत नाही म्हणून. भावजी, जरा तोंडाला विश्रांती द्या."

तिनं इंजिन बंद केलं, फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि इंजिनावरचा छोटा हातपंप मारायला घेतला. डिझेलची चिळकांडी उडायला हवी होती. नुसती लाळ गळली. वर ओढलेला दांडा तर कुणी खालून खेचावा तसा मागं जात होता.

"बघा! दाबच नाही. पंपच!" बुवा म्हणाले.

"पंप ओढतोय हो. त्याला ओढू कोण देत नाही ते बघू."

ती टाकीपाशी गेली. झाकण उघडलं आणि बघतच राहिली. आत टाकीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा दुहेरी कागद, सुतळीनं करकचून बांधलेला, आणि तो कागद उपाशी पोटासारखा आत खोल गेलेला. सुतळी सोडली मात्र, टाकीनं 'सूंऽऽ' करून एवढा मोठा श्वास घेतला की भंगारवाला दचकून मागं सरला. डिझेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. तीच कोंडली, तर पंपानं तरी काय करावं?

"हे कुणाचं काम?" दीर ओरडला.

केबिनचं दार उघडून सासू खाली उतरली. "माझं. धुळीनं पंप मरतो असं हे बुवाच म्हणाले होते. बरणीचं तोंड बांधतात तसं बांधलं, दर वेळी डिझेल भरल्यावर. काय म्हणणं आहे तुझं?"

"म्हणजे गाडी बिघडवलीस तू, आई, आणि..."

"जीव लावला त्यांनी," थोरलीनं त्याला तोडलं. "जरा जास्तच आवळून लावला, एवढंच. तुम्ही तर हात लावायलाही आला नाहीत." मग सासूकडं वळून हळूच म्हणाली, "आत्याबाई, आता नुसतं झाकण लावायचं हं. तिलाही देवानं दिलेली हवा लागते."

सासूनं पदर तोंडाला लावला. हसू की रडू, देव जाणे.

हातपंप मारला. चिळकांडी थेट बुवांच्या सदऱ्यावर. स्क्रू आवळला, किल्ली फिरवली. चारी गळे एका सुरात लागले.

"चढ राहिलाय अजून," दीर पुटपुटला.

"राहिलाय ना. मग चाकाखालचे धोंडे काढा, भावजी. मी ब्रेक धरलाय."

दीर भंगारवाल्याकडं बघत राहिला. भंगारवाला दुसरीकडं बघू लागला. शेवटी दीरच वाकला.

सासू शेजारी आणि बुवा मागं कोबीवर चढून बसले, आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी निघाली. वळणावर दुसरा पडला. कोबीचा सारा भार घेऊन, एकदाही न ठसकता, ती माथ्यावर आली.

"थांबव गं, तिला जरा दम घेऊ दे," सासू म्हणाली.

थोरलीनं आरशात बघितलं. खाली रस्त्यावर दोन माणसं बोटाएवढी दिसत होती.

"तिला नको, आत्याबाई. दम त्या दोघांना घेऊ द्या," असं म्हणून तिनं तिसरा गिअर टाकला.